विसावा कुणाच्या खांद्यावर?

चैत्र सरत येतो, कापूस घरातून बाजारात गेलेला असतो, तूर-हरभऱ्याचे चार पैसे हाती आलेले असतात आणि मुलांच्या परीक्षा आटोपतात. अशा वेळी महागावसारख्या तालुक्याच्या गावीही अलीकडे एक नवा विषय घरोघरी निघू लागला आहे. यंदा चार दिवस कुठे जायचे? पूर्वी उन्हाळ्यात माणसे आजोळी जात. फार झाले तर माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनाला. आता शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दुकानदार, थोडेफार ओलित असलेले शेतकरी अशी मध्यम स्थितीतील कुटुंबे थंड हवेच्या ठिकाणाचा विचार करतात. यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढलेला असताना डोंगरमाथ्यावरचे एखादे टुमदार गाव, तिथवर नेणारी आगगाडी आणि सकाळचे धुके ही कल्पनाच मनाला गारवा देऊन जाते. जुन्या मराठीत या गोष्टीला एक नेमका शब्द होता: हवापालट. त्या काळी वैद्य-डॉक्टर तो रोग्यापुरता वापरीत. आज धडधाकट माणसालाही हवा पालटावीशी वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही.

ठिकाण निवडताना आपण पुष्कळ चौकशी करतो. गाडीचे आरक्षण मिळेल काय, खोलीचे भाडे किती, सूर्यास्त कुठल्या टोकावरून चांगला दिसतो, जेवण आपल्या चवीचे मिळते काय, वृद्धांना चालावे लागेल काय, असे अनेक प्रश्न आपण जाऊन आलेल्यांना विचारतो. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारीत नाही. ज्या गावी आपण विसावा घेणार, तिथे आपला भार कोण वाहणार? माझ्या मते हा प्रश्न ठिकाणाच्या निवडीत इतर प्रश्नांइतकाच महत्त्वाचा आहे. कारण विसावा हा हवेत लोंबकळत नसतो, तो कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेला असतो. तो खांदा कुणाचा, आणि त्या खांद्याला स्वतःचा विसावा आहे की नाही, या विचाराशिवाय सहलीचा हिशेब पुरा होत नाही.

महागावकराला डोंगराकडे जाणारी आगगाडी सहजासहजी मिळत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. महागावला आजही रेल्वेस्थानक नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचे काम मंजुरीनंतर कित्येक वर्षे रेंगाळले. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी जिल्ह्याची स्वतःची म्हणता येईल अशी एकच गाडी होती, ती यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’. किलिक निक्सन या इंग्रज पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तेथून मँचेस्टरकडे नेण्यासाठी टाकलेला तो अरुंद रूळमार्ग. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहून दुसरा फाटा अचलपूरकडे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. अचलपूरला उतरावे, परतवाड्याहून घाटरस्त्याने चिखलदऱ्याला चढावे, असा रमतगमत प्रवास त्या काळी करता येत असे. पुढे दोन्ही फाट्यांवरची प्रवासी वाहतूक बंद पडली. आता चिखलदऱ्याला जाणारा महागावकर एस.टी.ने किंवा स्वतःच्या वाहनाने जातो. आणि ज्याला आगगाडीनेच डोंगरमाथा गाठायचा आहे, तो माथेरानचा विचार करतो. एस.टी.ने नांदेडला जावे, तपोवन एक्स्प्रेसने कल्याण गाठावे, तेथून कर्जतच्या लोकलने नेरळला उतरावे आणि समोर उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसावे. येण्याजाण्यातच दोन दिवस जातात, पण मुलांच्या दृष्टीने सहल त्या गाडीतच असते.

माथेरानची ही गाडी म्हणजे एका व्यापारी घराण्याच्या जिद्दीचे फळ. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम पुरे केले आणि १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरून नेरळ ते माथेरान हा सुमारे २० किलोमीटरचा प्रवास सुरू झाला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी छोटी स्थानके घेत गाडी वळणावळणाने माथ्यावर पोचते. त्याआधी, १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला असे पुस्तकांत लिहिलेले असते. त्या रानात ठाकर, कातकरी आणि धनगर आधीपासून वावरत होतेच. नाव साहेबाचे झाले आणि पायवाटा ज्यांनी पाडल्या ते अनामिक राहिले. थंड हवेच्या ठिकाणांच्या इतिहासात ही विसंगती पहिल्या पानापासून आढळते.

माथेरानचे दुसरे वैशिष्ट्य असे, की तेथे मोटारगाड्यांना प्रवेश नाही. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर संवेदनशील पर्यावरण क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि या निर्बंधाला आणखी बळ मिळाले. भोंगे नाहीत, धूर नाही, तांबड्या मातीच्या वाटा आणि दोहोंकडे गर्द झाडी. शहरातल्या गोंगाटाला कंटाळलेल्या माणसाला या गावाचे जे आकर्षण वाटते, त्याचे मूळ या निर्बंधात आहे. हा नियम चांगला आहे, याविषयी दुमत होऊ नये.

परंतु गाडी थांबली म्हणून ओझे थांबत नाही. दस्तुरीपासून पुढे सामान कुणी न्यायचे? वृद्धांना, लहान मुलांना आणि चालण्याचा कंटाळा आलेल्यांना कुणी न्यायचे? याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच होते: घोडा आणि माणूस. डोक्यावर पेटी घेतलेले हमाल, त्यांत पुष्कळ स्त्रिया; आणि हातरिक्षा ओढणारे पुरुष. एक माणूस पुढे दांड्यात उभा राहून ओढी, एकदोघे मागून ढकलीत आणि उतारावर तीच रिक्षा जिवाच्या कराराने आवरून धरीत. आत बसलेला पाहुणा शुद्ध हवा छातीत भरून घेई आणि बाहेरचा माणूस त्याच हवेसाठी धापा टाकी.

हे दृश्य पाहून अस्वस्थ झालेल्या माणसांनी आणि खुद्द रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे प्रयत्न केले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की ई-रिक्षांचे परवाने हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाले पाहिजेत. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांचे पुनर्वसन राज्य सरकारने करावे आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असेही बजावले. सरन्यायाधीश गवई अमरावतीचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचे. स्वातंत्र्य मिळून ७८ वर्षे होत असताना हा निर्णय यावा लागला, ही गोष्ट आपणा सर्वांना विचार करायला लावणारी आहे. न्यायालयाने निकाल दिला तो सरकारला उद्देशून. रिक्षात बसणाऱ्यांवर खटला कधी चाललाच नाही, आणि बसणारे तर आपणच होतो.

येथे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. विसावा म्हणजे नेमके काय? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने श्रम आणि फुरसत यांचा संबंध फार स्पष्टपणे मांडला. त्याच्या मते आपण श्रम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. मनुष्याचे खरे सुख, त्याचे चिंतन आणि नागरिक म्हणून त्याचे जीवन फुरसतीतच फुलते. विचार उदात्त आहे. परंतु याच ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन केले. नागरिकाच्या फुरसतीसाठी गुलामांचे श्रम आवश्यक आहेत, हे त्याला दिसत होते, आणि त्याने ते दडवले नाही. धोटे जर आपोआप विणू लागले तर धन्याला दासांची गरज उरणार नाही, अशा अर्थाचे त्याचे एक विधान आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर विजेवर चालणारी तीन चाकांची गाडी माथेरानचा घाट चढली, तेव्हा त्याचे म्हणणे एका अर्थाने खरे ठरले. मात्र धोटा आपोआप चालू लागला म्हणजे धन्याची दृष्टी आपोआप बदलते, असे नाही. यंत्राने खांदा मोकळा होईल. त्या खांद्याचा मालक आपल्यासारखाच माणूस आहे ही जाणीव यंत्र कुठून आणणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत जोसेफ पीपर या कॅथलिक तत्त्वज्ञाने फुरसतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. सारा देश पुन्हा उभारायचा असताना फुरसतीचा विचार कशाला, असा आक्षेप घेतला जाईल हे त्याला ठाऊक होते. त्याचे म्हणणे असे, की पुन्हा जोमाने कामाला लागता यावे म्हणून घेतलेली सुट्टी ही खरी फुरसत नव्हे. ती कामाचाच एक भाग झाली. फुरसत ही मनाची एक अवस्था आहे. जग चांगले आहे, आपण त्यात असणे चांगले आहे, हे मान्य करून शांत होण्याची ती अवस्था. तिचे मूळ सणात आणि उपासनेत आहे. पीपरचा हा विचार मान्य केला तर पुढचे पाऊलही टाकावे लागते. जग चांगले आहे असे मी टेकडीवर उभा राहून म्हणत असेन आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे कुणाचा तरी ऊर फुटत असेल, तर माझे ते म्हणणे अर्धे राहते.

दहा आज्ञांमधील विश्रामदिनाची आज्ञा आपणा सर्वांना पाठ असते. तिचा विस्तार मात्र आपण विसरतो. विसावा घ्या, एवढेच तेथे सांगितलेले नाही. आपला मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि आपल्या वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे, असे सांगितले आहे. आणि अनुवादाच्या पुस्तकात कारणही दिले आहे, की तुम्हीही कधी काळी मिसर देशात दास होता. म्हणजे विसाव्याची ही कल्पना मुळातच सामुदायिक आहे. धन्याचा विसावा गड्याच्या विसाव्यावाचून पुरा होत नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले, त्यातही श्रमाने जितकी शक्ती झिजते त्या मानाने विश्रांती मिळाली पाहिजे, हे तत्त्व आग्रहाने मांडलेले आहे.

हा विचार बाहेरून आणावा लागतो असे मात्र कुणी समजू नये. आपल्या वऱ्हाडातील शेतकरी तो शतकानुशतके जगत आला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, त्यांना हळद-लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्यांना रीतसर आमंत्रण देतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा दंडक अत्यंत गरीब शेतकरीही पाळतो. वर्षभर ज्या खांद्यावर आपले घर उभे राहिले, तो खांदा एक दिवस हातात घेऊन पाहायचा, त्याला कुठे घट्टा पडला आहे ते बोटांनी चाचपायचे, ही केवढी मोठी नीती आहे! सणाचा गाभा पुरणपोळीत नाही, तो त्या चाचपण्यात आहे.

आपल्या भाषेतही खांद्याला दोन अर्थ आहेत. एक ओझ्याचा खांदा, दुसरा ‘खांदा देण्या’चा. गावात कुणी वारले तर माणसे न बोलावता येतात आणि खांदा देतात. त्यासाठी पैसे कुणी मागत नाही, कुणी देऊ करीत नाही. कारण आज ज्याला खांदा दिला त्याच्या घरचा माणूस उद्या आपल्याला देणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतिणीला किंवा तापाने फणफणलेल्या मुलाला झोळीत घालून दवाखान्यापर्यंत नेणारी माणसेही भारच वाहतात. त्या भारात अपमान नाही, उलट प्रतिष्ठा आहे. तेव्हा माणसाने माणसाला वाहून नेणे हेच मुळात लाजिरवाणे आहे, असे म्हणता येणार नाही. फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला गरजेचा. ज्याला चालता येत नाही त्याला उचलणे ही सेवा आहे. चालू शकणाऱ्याने केवळ मौज म्हणून दुसऱ्याला जुंपणे ही वेगळी गोष्ट. दुसरा परस्परतेचा. आज तू मला उचललेस, उद्या मी तुला उचलीन, ही शक्यता जेथे असते तेथे दोघेही माणसे राहतात. जेथे एक जण कायम आत आणि दुसरा कायम दांड्यात, तेथे एक माणूस दुसऱ्याचे केवळ साधन होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने बजावले होते. हातरिक्षा हे या वाक्याचे जणू प्रत्यक्ष उदाहरण होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो हलका नाही. आपण रिक्षात बसलो नाही तर त्या गरिबाची चूल कशी पेटणार? तुमची सदसद्विवेकबुद्धी शांत झाली, पण त्याच्या मुलाबाळांचे काय? आक्षेप घेणाऱ्याच्या मनात दया असते, हे मान्य करावे लागेल. रिक्षात न बसता पुढे निघून जाणारा पाहुणा हात झटकून मोकळा होतो, हेही खरे. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: त्या माणसापुढे दोनच वाटा आहेत, जुंपून घेणे किंवा उपाशी राहणे. तिसरी वाट कुणी शोधायची? १९८० साली पंजाबातील सायकलरिक्षा चालकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. भाड्याच्या रिक्षांवर बंदी घालणारा तेथील कायदा मालकांच्या जुलमाला आळा घालण्यासाठी केलेला होता. प्रत्यक्षात तो राबवला तर चालकांचीच रोजी जाणार होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्दही केला नाही आणि चालकांना वाऱ्यावरही सोडले नाही. बँकेच्या कर्जातून चालकानेच स्वतःच्या रिक्षेचा मालक व्हावे, अशी योजना निकालात घालून दिली. माथेरानच्या २०२५ च्या आदेशात याच निकालाचा आधार घेतलेला आहे. दया आणि न्याय यांतील अंतर येथे दिसते. दया पाच-पन्नास रुपये जास्त देते आणि रिक्षात बसते. न्याय विचारतो, की या माणसाला जुंपून घ्यावेच लागू नये म्हणून काय करता येईल?

न्यायाचा मार्ग मात्र सरळ नसतो. माथेरानात ई-रिक्षा येताच घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांचाही संसार त्या घोड्यांवर चालतो. एका खांद्यावरचे ओझे उतरवताना ते दुसऱ्याच्या पोटावर पडू नये, ही काळजी धोरण ठरवणाऱ्यांना घ्यावी लागते, आणि चार दिवसांच्या पाहुण्यानेही ती समजून घेतली पाहिजे. ‘ई-रिक्षा आली, प्रश्न सुटला’ असे म्हणून निसर्गाकडे तोंड फिरवणे सोपे आहे. प्रश्न सुटत नाही, तो फक्त जागा बदलतो. आणि प्रत्येक नव्या जागी तो नव्याने पाहावा लागतो.

ज्यांची ऐपत अधिक, त्यांच्या मनात आल्प्स पर्वत असतो. मराठी माणूसही आता प्रवासी कंपन्यांबरोबर स्वित्झर्लंडला जातो आणि तेथील आगगाड्यांचे, स्वच्छ गावांचे कौतुक करीत परततो. ते कौतुक रास्त आहे. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी वसलेले त्सेरमाट हे गाव पुष्कळसे माथेरानसारखे आहे. आगगाडी तेथे १८९१ साली पोचली. आजही पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना गावात प्रवेश नाही; त्या पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावी उभ्या करायच्या आणि पुढे गाडीने जायचे. गावात विजेवर चालणारी छोटी वाहने फिरतात. तेथे माणूस माणसाला ओढीत नाही. मग या गावात विसावा घेणाऱ्याने निश्चिंत राहावे काय?

स्वित्झर्लंडच्या इतिहासातील एक प्रकरण या ठिकाणी आठवते. या देशातील हॉटेले, बांधकामे आणि शेते कित्येक दशके हंगामी परदेशी कामगारांच्या जोरावर चालली. प्रथम इटलीतून, नंतर स्पेन, पोर्तुगाल आणि युगोस्लाव्हियातून ही माणसे येत. त्यांना वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा परवाना मिळे, आणि या परवान्यावर बायकामुलांना सोबत आणायला बंदी होती. तरीही काही आईबापांनी मुले चोरून आणली. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून ती मुले दिवसभर बंद खोलीत गप्प बसत. पुढे त्यांना ‘कपाटातली मुले’ हे नाव पडले. ही परवानापद्धती २००२ साली रद्द झाली. खिडकीतून दिसणारे हिमशिखर, पांढरीशुभ्र चादर, टेबलावरची गरम न्याहारी आणि कुठल्या तरी खोलीत श्वास रोखून बसलेले एक मूल, ही एकाच देशाची, एकाच काळातली चित्रे आहेत. तेथे खांदा रस्त्यावर दिसत नव्हता, कारण तो आत दडवला होता. माथेरानची हातरिक्षा निदान डोळ्यांसमोर होती. तेव्हा श्रीमंत देशात गेल्याने हा प्रश्न टळतो, ही समजूत खरी नाही. दडलेला खांदा शोधायला उलट अधिक जागरूक नजर लागते.

परदेशाचे उदाहरण दूरचे वाटेल, म्हणून पुन्हा आपल्या चिखलदऱ्याकडे यावे. सुमारे ११०० मीटर उंचीचे हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण. गाविलगडचा किल्ला, खोल दऱ्या, पावसाळ्यात उतरणारे ढग आणि कॉफीचे मळे, यांमुळे ते आपल्याला प्रिय आहे. परंतु चिखलदरा हा मेळघाटातील तालुकाही आहे. १९९३ साली याच मेळघाटातील कोरकू बालकांच्या कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. पर्यटक ज्या टोकावर उभा राहून दरीचे सौंदर्य पाहतो, त्या दरीत माणसे राहतात. सौंदर्य पाहू नये असे कुणी म्हणणार नाही. भुकेलेली माणसे आहेत म्हणून सूर्यास्त कुरूप होत नाही. पण सूर्यास्त पाहायला ज्यांनी डोळे उघडले, त्यांनी दरीकडे पाहताना ते मिटू नयेत, एवढे तरी मागता येईल. मेळघाटातील मध, तेथे शिजवलेले साधे जेवण, तेथील माणसाने दाखवलेली वाट, यांसाठी खळखळ न करता दिलेला पैसा दरीत पोचतो. हॉटेलात हजारो रुपये मोजणारा माणूस वाट दाखवणाऱ्या पोराशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेव्हा त्याने निसर्ग पाहिला असेल, गाव पाहिलेले नसते.

मग ठिकाण निवडावे तरी कसे? निर्दोष गाव पृथ्वीवर नाही, आणि ते सापडेपर्यंत घरी बसावे असे सांगण्याचा हेतूही नाही. विसावा ही माणसाची गरज आहे आणि डोंगर हा माणसाला लहान करून शांत करणारा गुरू आहे. निवडीची एक कसोटी तेवढी सुचवावीशी वाटते. ज्या ठिकाणी आपण आपला भार शक्य तितका स्वतः वाहू शकू, आणि जो वाहता येणार नाही तो वाहणाऱ्याचे नाव विचारू शकू, त्याला योग्य मोबदला देऊ शकू, त्याच्याशी दोन शब्द बरोबरीने बोलू शकू, ते ठिकाण चांगले. सामान कमी घ्यावे. कमी सामान हीदेखील एक नीती आहे. ज्याला पाय आहेत त्याने चालावे. आगगाडी मिळत असेल तर आगगाडीने जावे. कारण आगगाडीत भार विभागलेला असतो, आणि डब्यात शेजारी बसलेला माणूस आपल्यासारखाच तिकीट काढून बसलेला असतो. २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत माथेरानचा रूळमार्ग वाहून गेला, तेव्हा गाडी दोन्ही वेळा दीर्घकाळ बंद होती. ती पुन्हा सुरू झाली ती घाटात उभे राहून रूळ बसवणाऱ्या कामगारांमुळे. खिडकीतून दरी पाहताना त्यांचीही आठवण ठेवावी.

आणखी दोन खांद्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय संपवता येत नाही, कारण ते प्रवासाच्या शेवटी भेटत नाहीत, घरातून निघण्यापूर्वीच असतात. पहिला घरातील गृहिणीचा. सहलीच्या आदल्या रात्री दशम्या करणारी, सर्वांचे कपडे भरणारी, गाडीत डबा उघडून देणारी आणि खोली घेतल्यावर तेथेही ओले कपडे वाळत घालणारी स्त्री बहुधा एकच असते. हवा तिची पालटते. काम पालटत नाही. कुटुंबाच्या सहलीत कुटुंबातील एका माणसाला विसावा नसेल, तर ठिकाण कितीही रम्य असो, निवड चुकलीच म्हणायची.

दुसरा खांदा सालगड्याचा. मालक चार दिवस डोंगरावर जातो, तेव्हा गोठ्यातील जनावरांना वैरण-पाणी करायला, रात्री शेतावर निजायला तो मागे राहतो. त्याच्या भरवशावरच मालकाची हवा पालटते. पाडव्याला त्याचे साल ठरते: रोख किती, धान्य किती, कपडे किती. खाडा झाला तर पैसे कापायचे, हेही ठरते. पाडवा आणि सहलीचे दिवस आपल्याकडे पाठोपाठ येतात. त्या बोलणीच्या वेळीच आणखी एक गोष्ट ठरवता येण्याजोगी आहे. मालकाचे चार दिवस ठरले, तर गड्याचेही चार दिवस ठरावेत. खाडा न धरता, पैसे न कापता. त्या दिवसांत गोठ्यातले शेण मालकाने किंवा त्याच्या मुलांनी काढावे. तो गडी माथेरानला जाईल असे नाही. कदाचित तो लेकीच्या गावी जाईल, कदाचित स्वतःच्या ओसरीवर दुपारभर नुसता पडून राहील. त्याने काय करावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. पोळ्याला बैलाचा खांदा चाचपणाऱ्या गावाला एवढी गोष्ट अवघड जाऊ नये.